गुरुजींच्या मुलाची फी

महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्यांच्या दारिद्र्याची एक कथा येते. श्रीमंतांची मुले दूध पितात हे पाहून लहानग्या अश्वत्थाम्याने दुधाचा हट्ट धरला. घरी गाय नव्हती. पाण्यात कालवलेले पीठच दूध म्हणून त्याच्या ओठी लागले आणि ते पिऊन तो बालक आनंदाने नाचू लागला. धनुर्वेदाचा पारंगत पिता ते दृश्य पाहून व्याकूळ झाला. द्रुपदाच्या दरबारातील अपमान, हस्तिनापूरचा आश्रय आणि राजपुत्रांच्या बरोबरीने अश्वत्थाम्याचे शिक्षण हा पुढचा सारा प्रवास त्या पिठाच्या पाण्यापासून सुरू झाला. मुलाच्या शिक्षणाची सोय झाली खरी. परंतु युद्धाच्या आरंभी आशीर्वाद मागण्यास आलेल्या युधिष्ठिराला याच आचार्यांना सांगावे लागले, की कौरवांच्या अर्थाने आपण बांधले गेलो आहोत.

गुरूच्या घरचे दारिद्र्य, त्याच्या मुलाचे शिक्षण आणि आश्रयदात्याचे बंधन यांचा हा गुंता हजारो वर्षांपूर्वीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दरवर्षी जून महिन्यात शाळा सुरू होतात, तेव्हा धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंबसारख्या गावांतील खासगी विनाअनुदानित शाळांच्या कार्यालयांत तोच गुंता नव्याने समोर येतो. शाळेतलीच एखादी शिक्षिका आपल्या मुलाचा प्रवेश अर्ज घेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलापुढे उभी राहते. फी किती भरायची, सवलत किती मिळणार, गतवर्षी मिळाली ती यंदाही मिळणार का, हे तिला ठाऊक नसते. तिने विचारायचे असते आणि संस्थाचालकांनी ‘पाहू’ म्हणायचे असते.

शिक्षकांच्या पाल्यांना शुल्कात सवलत देण्याची पद्धत बहुतेक खासगी शाळांत कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते. कुठे निम्मी फी माफ होते, कुठे पहिल्या अपत्यापुरती पूर्ण माफी असते, तर कुठे शिक्षण शुल्क माफ होऊन बस, गणवेश आणि पुस्तकांचा खर्च तेवढा भरावा लागतो. पद्धत चांगली आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. जी व्यक्ती दिवसभर चाळीस मुलांना शिकवते तिचे मूल फीअभावी त्याच शाळेच्या दाराबाहेर राहावे, यासारखी विसंगती दुसरी नसेल. शिवाय शिक्षक स्वतःचे मूल ज्या शाळेच्या बाकावर बसवतो, त्या शाळेला वेगळ्या जाहिरातीची गरज उरत नाही. प्रश्न आहे तो ही सवलत कोणत्या नात्याने दिली जाते हा. ती शिक्षकाचा हक्क आहे, वेतनाचा भाग आहे, की संस्थाचालकांची कृपा?

ज्याला गरज नाही त्याला नियम, ज्याला गरज आहे त्याला विनंती

या प्रश्नाचे एक उत्तर शासनाने स्वतःपुरते केव्हाच दिलेले आहे. प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षकांच्या पाल्यांसाठी शुल्कमाफीच्या योजना महाराष्ट्राच्या शिक्षण खात्यात अनेक वर्षांपासून आहेत. महाविद्यालयांच्या प्रवेश अर्जांवर ‘पीटीसी’ आणि ‘एसटीसी’ ही आद्याक्षरे अनेक पालकांनी पाहिली असतील. ती याच सवलतींची. अनुदानित शाळेत पूर्णवेळ सेवेत असलेल्या शिक्षकाच्या मुलाला प्रमाणित दराने शुल्कमाफी मिळते. ती कोणाची मर्जी नव्हे. अर्ज, दाखला आणि शासन निर्णय यांच्या आधाराने ती मागता येते. केंद्रीय विद्यालयांतही कर्मचाऱ्यांच्या मुलांचे शिक्षण शुल्क माफ असते, तेही लेखी नियमानेच.

गंमत अशी, की ज्याला वेतन आयोगाप्रमाणे पगार मिळतो त्याच्या मुलाची सवलत नियमात बसली आहे. आणि ज्याचा पगार आठ-दहा हजारांच्या आसपास घोटाळतो, त्या विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाच्या मुलाची सवलत मात्र तोंडी शब्दावर अवलंबून आहे. समाजात ज्याला गरज कमी त्याला हक्क, आणि ज्याला गरज अधिक त्याला विनवणी, असा हा उफराटा न्याय झाला.

हा वर्ग निर्माण कसा झाला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. नव्या शाळांना अनुदान देण्याची ऐपत नाही, अशी भूमिका घेऊन राज्य शासनाने २००१ पासून ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले. शिक्षकांच्या दीर्घ आंदोलनांनंतर २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द गळाला. पात्र शाळांना २० टक्के अनुदान मिळू लागण्यास २०१६ साल उजाडले. दरम्यान २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा नवा प्रकार आला. या शाळांचा सारा संसार पालकांच्या फीवरच चालायचा. या दोन दशकांत डी. एड., बी. एड. झालेल्या ग्रामीण तरुण-तरुणींना नोकरी मिळाली ती बहुतांशी अशाच शाळांत. धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जिथे कारखानदारी तुटपुंजी आणि शेती पावसाच्या भरवशावर, तिथे सुशिक्षित गृहिणीला गावात मिळू शकणारी प्रतिष्ठेची नोकरी ही एवढीच.

त्यागाचा वारसा आणि त्याचा गैरअर्थ

शिक्षकाने पगाराचे बोलू नये, ही भावना मराठी समाजात खोल रुजलेली आहे आणि तिला तेजस्वी परंपरा आहे. या जिल्ह्यालाही ती आहे. लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे निजामी राजवटीत १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा स्थापन झाली. राज्यकर्त्यांनी उर्दूला शिक्षणाची भाषा केले असता मराठी मुलांच्या मनात देश आणि मातृभाषा जागी ठेवण्याचे काम या शाळेने केले. व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण येथे मुख्याध्यापक झाला. पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ या नावाने त्याने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. हिप्परग्याचा वारसा सांगण्याचा अधिकार या भूमीला निश्चित आहे.

परंतु त्या वारशाचा अर्थ नीट लावला पाहिजे. स्वामीजी संन्यासी होते. त्यांच्या मागे लेकराबाळांचा प्रपंच नव्हता. संन्याशाचा त्याग हा त्याने स्वतः स्वीकारलेला असतो. तो प्रपंची माणसावर नियुक्तिपत्रातून लादता येत नाही. पुण्यातील इतिहासही हेच सांगतो. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी करणाऱ्या पिढीने अल्प वेतनावर आजन्म सेवेचे व्रत घेतले. त्या व्रतस्थांमध्येही काही वर्षांतच वेतन आणि बाहेरची मिळकत यांवरून तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये लोकमान्य टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. घरसंसाराचा प्रश्न जर एवढ्या मोठ्या माणसांच्या संस्थेत टळला नाही, तर तो उमरग्याच्या किंवा परंड्याच्या शाळेत ‘सेवाभाव’ या एका शब्दाने कसा टळेल? आणखी एक फरक विसरता कामा नये. त्या संस्थांत चालक आणि शिक्षक एकच होते. त्याग करणारे आणि त्यागाचा उपदेश करणारे वेगळे नव्हते.

हिशेबाची वही उघडली, तर

भावना बाजूला ठेवून आकडेमोड करावी. एखाद्या शिक्षिकेला दरमहा ९,००० रुपये मिळतात आणि शाळेची वार्षिक फी १८,००० रुपये आहे, असे समजू. निम्मी सवलत मिळाली, तर तिचे वर्षाला ९,००० रुपये वाचतात, म्हणजे महिन्याला ७५०. मुले दोन असतील तर सवलत धरूनही तिला वर्षाकाठी १८,००० रुपये भरावे लागतात. म्हणजेच बारा महिन्यांतील दोन महिन्यांचा पगार ती ज्या शाळेतून घेते त्याच शाळेला परत करते. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांचा मार्ग तिला मोकळा आहे का? महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपयांची आहे. घरात दुसरी मिळकत नसली तरी नऊ हजारांप्रमाणे तिचे उत्पन्न १,०८,००० रुपये होते. आठ हजार मिळाले असते तर ती त्या मर्यादेत बसली असती! शाळेत शिकवणारी व्यक्ती आणि त्याच शाळेत ‘दुर्बल घटक’ म्हणून प्रवेश मिळणारे बालक यांच्या घरांत अंतर उरले आहे ते महिन्याच्या काही शेकड्यांचे.

अशा वेळी पगाराचा विषय निघाला, की संस्थाचालकांकडून ठरलेले उत्तर येते : ‘मुलांची फी माफ केली आहे, ती पगारातच धरा.’ येथेच सवलतीचे रूपांतर पिठाच्या पाण्यात होते. दिसायला दूध, परंतु पोषण नाही. कारण भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांची गणना होते ती मूळ वेतनावर. माफ केलेल्या फीवर नव्हे. खासगी शाळांतील शिक्षकांना ग्रॅच्युइटीचा हक्क देणारी २००९ ची कायदादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वैध ठरवली. तो हक्क कागदावर आला. पण पगारच सवलतीच्या नावाखाली दाबून ठेवला, तर निवृत्तीच्या दिवशी त्या हक्कातून हाती काय पडणार? शिवाय ज्या शिक्षकाला मूल नाही, ज्याची मुले मोठी झाली किंवा ज्याने आपले मूल जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत घातले, त्याने त्याच कामाचा कमी मोबदला का घ्यावा?

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम १९७७ साली झाला. शाळेला अनुदान मिळो वा न मिळो, तो राज्यातील सर्व खासगी शाळांना लागू राहील, असे त्याच्या तिसऱ्या कलमातच म्हटले आहे. १९८१ च्या नियमावलीने वेतनश्रेणी ठरवून दिल्या. शिक्षण सेवक म्हणून उमेदवारी करणाऱ्या प्राथमिक शिक्षकाचे मानधनही शासनाने २०२३ मध्ये १६,००० रुपये केले. त्याच गावातील खासगी शाळेत तेवढाच अभ्यासक्रम शिकवणाऱ्याला त्याच्या निम्मे द्यायचे आणि उरलेल्या निम्म्याची भरपाई मुलाच्या फीमाफीने झाली असे म्हणायचे, हे कायद्यालाही धरून नाही आणि न्यायालाही.

सवलतीची खरी किंमत

शाळेला ही सवलत प्रत्यक्षात किती खर्चाची पडते? या प्रश्नाचा उत्तम ऊहापोह इंग्लंडमधील एका खटल्यात झाला. तेथील मॅलव्हर्न कॉलेज या निवासी शाळेत शिक्षकांच्या मुलांना एक पंचमांश फी भरून शिकता येई. या लाभावर कर किती आकारायचा, हा वाद हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. शाळेच्या एकूण खर्चातील मुलाचा सरासरी वाटा धरावा, असे कर खात्याचे म्हणणे. तर शाळेत जागा शिल्लक असल्याने या मुलांमुळे वाढलेला खर्च तेवढाच धरावा, असे शिक्षकांचे म्हणणे. १९९२ मध्ये निकाल शिक्षकांच्या बाजूने लागला. शिक्षक, इमारत, प्रयोगशाळा हे सारे आधीच उभे असते. रिकाम्या बाकावर आणखी एक मूल बसले, तर वाढतो तो वह्या-पुस्तकांचा आणि जेवणाखाणाचा खर्च. आणि तेथे शिक्षक भरत असलेल्या एक पंचमांश फीत तो निघत होता.

हे तत्त्व धाराशिवच्या शाळेलाही तितकेच लागू पडते. चाळीसच्या वर्गात पस्तीस मुले असतील, तर छत्तिसावे मूल शिक्षिकेचे आहे म्हणून संस्थेच्या तिजोरीला खिंडार पडत नाही. संस्थेला जे जवळजवळ फुकट पडते, ते पूर्ण किमतीने शिक्षिकेच्या पगारातून वळते करायचे, हा व्यवहार बरोबरीचा नव्हे. आणि संस्थेला जे फुकट पडते, ते शिक्षिकेला मात्र फार महागात पडू शकते. नोकरी सोडण्याचा विचार मनात आला, की पहिला प्रश्न उभा राहतो मुलाचा. जानेवारीत राजीनामा दिला तर उरलेली फी पूर्ण भरा, असे सांगितले गेले तर? मुलाचा दाखला अडवला गेला तर? शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने दाखला तत्काळ देणे बंधनकारक केले आहे आणि दाखल्यावाचून दुसऱ्या शाळेतील प्रवेश नाकारता येत नाही. पण आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असलेला हा नियम तरी किती आयांना ठाऊक असतो? आपले मूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याशी पगाराच्या फरकाविषयी, कोऱ्या सहीविषयी, रजेविषयी भांडण्याचे धैर्य कोणत्या आईला होईल? हस्तिनापूरच्या अर्थाने आचार्य बांधले गेले ते असेच.

संस्थाचालकांची बाजू

संस्थाचालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण ते सारेच नफेखोर नाहीत. २०१८ मध्ये नीती आयोगाने ज्या जिल्ह्यांची आकांक्षित म्हणून निवड केली, त्यांत हा जिल्हा होता. येथील पालक मुख्यतः शेतकरी. सोयाबीनचे पैसे हाती आले की फी भरणारा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये परंडा, भूम, कळंब भागांत पुराने शेते खरवडून नेली, तेव्हा अनेक घरांत दिवाळीचीच भ्रांत होती, तेथे फीचे काय बोलावे? राखीव जागांवरील मुलांची प्रतिपूर्ती शासनाकडून वेळेवर येत नाही, ही राज्यभरातील शाळांची जुनी तक्रार आहे. छोट्या गावातील शाळा अशा कात्रीत सापडते आणि तिची झळ शेवटी शिक्षकाच्या पगाराला लागते. हे वास्तव नाकारता येणार नाही. परंतु अडचण खरी असेल तर ती शिक्षकांसमोर हिशेबासह मांडावी. ज्या वहीत सवलत लिहिली जात नाही त्या वहीत अडचणही लिहिली जात नाही. आणि मग दोन्हींवर कोणाचा विश्वास बसत नाही.

दुसरा आक्षेप इतर पालकांचा असू शकतो. शिक्षकांच्या मुलांची फी आम्ही का भरायची? त्याला वरील तत्त्व हेच उत्तर आहे. जागा रिकामी असेल तोवर त्यांच्या खिशातून काही जात नाही. उलट, शिक्षक टिकला तर त्यांच्याच मुलांचा लाभ. दर जूनला वर्गावर नवी बाई येते, या तक्रारीचे मूळ शिक्षकांच्या अस्थिरतेत आहे. तिसरा आक्षेप पक्षपाताचा. आणि तोही महाभारताइतका जुना आहे. द्रोणांनी इतर शिष्यांना पाणी आणण्यासाठी अरुंद तोंडाचे कमंडलू दिले आणि अश्वत्थाम्याला रुंद तोंडाचा घडा, म्हणजे तो लवकर परतावा आणि चार धडे अधिक घ्यावेत. अर्जुनाने ते ओळखले. आजच्या पालकांच्या नजरेतूनही असे काही सुटत नाही. म्हणून शक्य असेल तेथे शिक्षकाचे मूल दुसऱ्या तुकडीत असावे आणि त्याचे पेपर दुसऱ्याने तपासावेत, हा साधा दंडक पुरे.

आरंभ घरापासून

करायचे काय, ते अवघड नाही. सवलत किती, किती अपत्यांना आणि कोणत्या इयत्तेपर्यंत, हे नियुक्तिपत्रातच लिहून द्यावे. ती वेतनातून वजा करू नये. शिक्षकाने नोकरी सोडली किंवा त्याला कमी केले, तरी चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मुलाची सवलत कायम राहावी. आईबापांच्या वादाची शिक्षा मुलाला नको. सेवेत असताना शिक्षकाचा मृत्यू झाला, तर त्याच्या मुलाचे त्या शाळेतील शिक्षण पूर्ण होईपर्यंत ती चालू राहावी. शिपाई, बसचालक आणि बालवाडीतील मावशी यांच्या मुलांनाही तीच सवलत मिळावी; विद्येच्या मंदिरात फळ्यापुढे उभे राहणाऱ्याचे मूल आणि फळा पुसणाऱ्याचे मूल असा भेद नसावा. शुल्क विनियमन कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावाच लागतो. त्याच बैठकीत सवलतींचा तपशीलही ठेवला, तर कुजबुजीला जागा राहणार नाही. आणि शासनाने आपल्या सवलतीचे दार विनाअनुदानित शाळांतील पूर्णवेळ शिक्षकांसाठी उघडावे. ज्यांना अनुदान नाकारले त्यांच्या मुलांना उच्च शिक्षणात निदान शुल्कमाफी तरी नाकारू नये.

याचा आरंभ राष्ट्रीय विचारांनी चालणाऱ्या संस्थांनी केला, तर ते अधिक शोभून दिसेल. समर्पण, त्याग, सेवा हे शब्द या संस्थांच्या भिंतींवर लिहिलेले असतात आणि त्यांचे कार्यकर्ते ते जगलेलेही आहेत. म्हणूनच त्या शब्दांचा वापर तुटपुंज्या पगाराच्या समर्थनासाठी होऊ न देण्याची जबाबदारी त्यांच्यावर अधिक आहे. बाजारू शाळेने शिक्षकाला राबवले, तर समाज तिला बाजारू म्हणतो. ध्येयवादी संस्थेने तेच केले, तर ध्येयाचीच अप्रतिष्ठा होते.

२०२३ मध्ये जिल्ह्याला धाराशिव हे आपले प्राचीन नाव अधिकृतपणे परत मिळाले आणि निजामाच्या नावाची पाटी उतरली. पाटी बदलली तो दिवस आनंदाचाच होता. आता या जिल्ह्यातील शाळांच्या कार्यालयांत दर जूनला उभ्या राहणाऱ्या त्या शिक्षिकेचाही विचार व्हावा. तिने टेबलापुढे ताटकळू नये. आपल्या नियुक्तिपत्रातील एका ओळीवर बोट ठेवून मुलाचे नाव हजेरीपटावर लिहवून घ्यावे आणि तास सुरू झाला म्हणून ताठ मानेने वर्गाकडे चालू लागावे. गुरूला अर्थाने बांधून ठेवणाऱ्या हस्तिनापूरचे पुढे काय झाले, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.